बांधाखालचा फाळ

पाइपच्या टोकाला गुंडाळलेली तांब्याची तार उन्हात चमकते, तेव्हा एवढी देखणी वस्तू मी निव्वळ रागापोटी केली याचं नवल वाटतं. धातू शोधायचं हे यंत्र घरचंच. दांडा बोअरच्या उरलेल्या पाइपाचा, सर्किट बोर्ड साबणाच्या डबीत बसवलेला. त्याचा एकेक जोड सोल्डर करताना डोळ्यांपुढे चुलतभाऊ दत्तू होता. त्यानं हद्दीचा दगड आमच्या रानात सरकवला, हे मी वर्षानुवर्षं मनात धरून होतो. वडील सांगायचे, दगड हलवता येतो, म्हणून आजोबांनी त्याखाली नांगराचा मोडका फाळ पुरलाय. तो फाळ काढायचा आणि दत्तूला चारचौघांत तोंडघशी पाडायचं, एवढंच मला हवं होतं.

त्याच्या रिकाम्या रानात मी तासभर यंत्र फिरवलं. त्यानं अडवलं नाही, याचाही राग आला. यंत्र गप्प. परत फिरलो, दगड ओलांडून आमच्या रानात चार पावलं आलो, आणि ते ओरडलं. हातभर उकरल्यावर फाळ दिसला. म्हणजे दगड सरकला होता खरा, पण दत्तूच्या रानात. सरकवणारा हात आमच्याच घरातला.

रागाचं कारण काढून घेतलं तरी राग जागचा हलत नाही. उलट दत्तू आता मला जास्तच खुपू लागला.

"दादा, लागलं का काही?" त्यानं बांधावरून विचारलं.

"खिळा आहे," मी म्हणालो आणि पायानं माती लोटली. यंत्र बंद करायचं राहिलं होतं. ते ओरडतच होतं.