कोल्हारचा पोयटा

ताईचं झाड माझ्या हातून मेलं. घरात असं कुणी म्हणत नाही. बायको म्हणते, गेल्या वर्षी ऊनच फार होतं. भाची म्हणते, मामा, तू मुद्दाम थोडंच केलंस. ताई काहीच म्हणत नाही. म्हणून मीच लिहितो आहे, घडलं तसं.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. शाळेत शिक्षिका होती. नवरा लवकर गेला, लेक लग्न होऊन पुण्याला. तेव्हापासून नगरला आमच्याच घराच्या वरच्या मजल्यावर ती राहते. एकदा शाळेच्या सहलीबरोबर उत्तरेकडच्या डोंगरांत गेली होती. तिथून चिडाचं, म्हणजे पाइनचं, बोटभर रोप ओल्या रुमालात गुंडाळून आणलं आणि उथळ कुंडीत लावून त्याचा बोन्साय केला. वीस-बावीस वर्षांत ते हातभर झालं. खोड मनगटाएवढं, साल म्हाताऱ्या झाडासारखी फुटलेली, आणि पानांच्या जागी लांब हिरव्या सुया.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी तिच्या पोटात गाठ निघाली. उपचार पुण्यात, सहा-सात महिने लेकीकडे राहायचं ठरलं. निघताना ती मला गॅलरीत घेऊन गेली. म्हणाली, बोट खुपसून बघ, माती कोरडी लागली तरच पाणी घाल. आणि काही वेगळं दिसलं तर हात लावू नकोस, आधी मला विचार.

एवढंच मागितलं होतं तिनं. विचारायचं.

मी सुप्याला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. मशीन अडलं की आधी ऐका, मग पाना घ्या, हे मी तिथं सगळ्यांना सांगतो. घरी मात्र ऐकलं नाही. तीन-चार आठवड्यांनी फांद्यांच्या आतल्या बाजूच्या सुया पिवळ्या पडून गळू लागल्या. मला धडकी भरली. ताईला फोन करावा असं मनात आलं, पण त्या दिवशी तिला सलाईन चालू होतं. तिला कशाला त्रास, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. तिनं सोपवलेली एकच गोष्ट मला महिनाभरही सांभाळता आली नाही, हे तिच्या कानावर जायला नको होतं.

कुंडीत पाहिलं तर मातीच नव्हती. मुरूम, विटांचा चुरा, जाडी वाळू. आम्ही शेतकऱ्याची पोरं. अशा खडीत झाड उपाशी मरणार नाही तर काय, असं मला वाटलं. माझी सासुरवाडी कोल्हारची. प्रवरेकाठचा पोयटा, म्हणजे नदीच्या गाळाची काळी माती, त्यात काठी रोवली तरी फुटते म्हणतात. रविवारी जाऊन गोणीभर घेऊन आलो. गोणी गाडीत टाकताना मेहुणा हसला. "दाजी, येवढ्याश्या झाडाला गोनभर माती? ऊस लावताय काय?"

भर उन्हाळ्यात मी झाड उपटलं. मुळांवर कापसासारखं पांढरं जाळं पसरलं होतं. बुरशी. मला वाटलं, सापडला रोग. नळाखाली धरून जुन्या टूथब्रशनं एकेक मूळ घासलं, बुरशीनाशकात बुडवलं, पोयट्यात शेणखत मिसळून दाबून लावलं, आणि भरपूर पाणी घातलं. त्या संध्याकाळी मी फार समाधानात जेवलो.

झाड दोन महिने हिरवं राहिलं. मी स्वतःवर खूश होतो. मग सुयांची टोकं तपकिरी झाली. तो रंग रोज थोडा खाली उतरायचा. आमच्याकडं वाळणाऱ्या झाडाला एकच औषध माहीत असतं, ते म्हणजे पाणी. दुष्काळात वाढलेल्या माणसाला पाणी जास्त होतं हे पटतच नाही. मी सकाळ-संध्याकाळ तांब्याभर ओतत राहिलो.

ताई एक दिवसाआड फोटो मागायची. आधी मी कुंडी फिरवून हिरवी बाजू दाखवली. तीही बाजू गेली तेव्हा मोबाईलमधले जुने फोटो पाठवू लागलो. ती लिहायची, छान ठेवलंयस रे.

ती परत आली तेव्हा दिवाळी जवळ आली होती. डोक्याला रुमाल, हाताची हाडं दिसत होती. चहाही न घेता जिना चढली, मधे दोनदा थांबली. मी मागं होतो. आता सांगावं, आता सांगावं, असं म्हणेपर्यंत ती गॅलरीत पोचली.

ती ओरडली नाही. बांबूची काडी घेऊन मातीत खुपसली, बाहेर काढून वास घेतला आणि माझ्यापुढं धरली. नासल्याचा वास होता. मग तिनं एकेक विचारलं आणि मी एकेक सांगितलं. आतल्या सुया पिवळ्या पडल्या म्हणालो, तर म्हणाली, जुन्या सुया उन्हाळ्यात गळतातच, दरवर्षी.

"मुळांना पांढरं जाळं होतं?"

"होतं."

"त्याचं काय केलंस?"

"धुतलं. घासून."

तिनं डोळे मिटले. "त्या बुरशीवरच चीड जगतं रे. मुळांना पाणी तीच आणून देते."

तरी आम्ही प्रयत्न केला. ती खुर्चीत बसून सांगायची, मी करायचो. पोयटा चिखलासारखा मुळांना चिकटला होता, तो काडीनं सोडवला. काळी पडलेली, बोटांत चुरगळणारी मुळं कापली. मुरूम चाळून, धुऊन घातला. भाचीनं पुण्यातल्या एका जुन्या चिडाच्या बुंध्याखालची मूठभर माती धाडली होती, ती मुळांभोवती पसरली. खत नाही, ऊन नाही. वरून पारदर्शक पिशवी. ताईनं नखानं साल खरवडून पाहिली. सगळीकडं तपकिरी. फक्त तळाच्या एका फांदीत हिरवी रेघ निघाली.

त्या रेघेवर आम्ही हिवाळा काढला. मी कामावरून आलो की आधी वर जायचो. संक्रांतीनंतर त्या फांदीला मेणबत्तीसारखे तीन कोंब आले. मी ताईला हाताला धरून दाखवायला नेलं. ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, एवढ्यात काही धरू नकोस, मरताना झाड साठवलेलं सगळं एकदा वर ढकलतं.

शिमग्याच्या आसपास कोंब माना टाकून वाळले. तिनं मलाच साल खरवडायला लावली. आत लाकूड कोरडं होतं.

मी तिथंच फरशीवर बसलो आणि माफी मागितली. मातीची, बुरशीची, पाण्याची. ती म्हणाली, त्यात काय, तुला माहीत नव्हतं.

"आणि फोटोंचं?" मी विचारलं.

ती म्हणाली, "तिकडं सगळे मला सांगायचे, सुधारतेयस. मला कुणाचं खरं वाटायचं नाही. मग तुझा फोटो यायचा. वाटायचं, हा एक तरी खरं दाखवतोय." मग कुंडी जवळ ओढून ती वाळलेल्या सुया वेचू लागली. मी हात पुढं केला तर म्हणाली, राहू दे, मी करते.

पुढच्या महिन्यात तिची तपासणी होती. मी रजा टाकून ठेवली होती. सकाळी गाडी काढायला खाली गेलो, तर बायको म्हणाली, ताई शेजारणीला घेऊन पहाटेच्या एसटीनं गेल्या. संध्याकाळी आली तेव्हा मी रिपोर्टचं विचारलं. तिनं फाईल पिशवीतून काढली नाही. ठीक आहे म्हणाली आणि जिना चढू लागली. खरंच ठीक आहे का, हे दुसऱ्यांदा विचारायला माझं तोंड उघडलं नाही.