धोंड्याच्या महिन्यातला झेंडू

अंजनीबाईंना मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते मोगऱ्याची पानं ओरबाडताना. माघ होता. अंबरनाथच्या शाळेतून निवृत्त होऊन मी बदलापूरच्या या सोसायटीत नुकतीच आले होते. आमचे जिने झाडणारी बाई कुंपणाशी उकिडवी बसून हिरवी झुडपं बोडकी करत होती. मी खिडकीतून हटकलं.

"अहो, चांगली पानं का काढताय?"

"पानांतच रमला तर फुलंल कवा, बाई? तुमी पोरांना नुसतं हुंदडू देत होता का?"

चैत्रात माझ्या दाराशी रोज ओंजळभर कळ्या येऊ लागल्या.

कुंपण आणि इमारतीमधली ती चार हात रुंद पट्टी त्यांनी आपण होऊन लावली होती. बारवी धरणाकडच्या माहेराहून त्या भाताचं तूस आणून मातीत कालवत. लागवडीचा सगळा हिशेब सणांवर. शेवंतीची रोपं वटपौर्णिमेला. तेरडा गौरींपुरता. झेंडूचं बी गुरुपौर्णिमेला टाकायचं, की दसऱ्याला बाग पिवळी.

दोन हजार तेवीस साली सभासदांना त्या पट्टीवर गाड्या लावायच्या होत्या. निर्णय दसऱ्याच्या संध्याकाळच्या सभेत व्हायचा होता. सेक्रेटरी जितेश अंजनीबाईंच्या बाजूचा.

"मावशी, चोवीसच्या चोवीस दारांना तुमच्या झेंडूचं तोरण लागू दे," तो म्हणाला. "मग बघू कोण पार्किंग-पार्किंग करतो ते."

"तू फकस्त दोरा आण."

त्यांनी गुरुपौर्णिमेला बी टाकलं. पुढे अधिक श्रावण लागला. त्यांनी लेक सोनिया आणि जावई कैलास यांना बोलावलं, जावयाला रीतीप्रमाणे धोंडे खाऊ घातले. चार मलाही आणून दिले. पुरण छान गोड होतं. तीस वर्षं मुलांना महिने पाठ करून घेतलेल्या माझ्याही काही ध्यानात आलं नाही.

अनंत चतुर्दशीला पट्टी पिवळीधमक झाली. अंजनीबाई वर येऊन माझ्या उंबऱ्यावर टेकल्या.

"दसरा किती लांब, बाई?"

मी कॅलेंडर पाहिलं. "सव्वीस दिवस."

त्यांनी बोटांच्या पेरांवर महिने मोजले.

"अख्खा महिना वाढला. जावयाला धोंडे चारले, नि झेंडूला इसरले."

पितृपक्षात त्यांनी एकूण एक फूल खुडलं, फांद्या छाटल्या, शेणकाला घातला. रोज सकाळी नव्या फुटींपाशी वाकलेल्या दिसत. दसऱ्याला फुलं आली, पण लहान आणि मोजकी. चोवीस दारांना तोरणं लागली खरी. प्रत्येकात आंब्याची पानंच पानं आणि मधोमध एक झेंडू.

सभेत पार्किंगविरुद्ध चार हात वर झाले. त्यात एक माझा, एक जितेशचा. दर चैत्रात मोगरा नेणाऱ्या घरांचे हात पार्किंगसाठी वर होते. झेंडू वेळेवर फुलला असता तर ते खाली राहिले असते का, हे मला अजून ठरवता येत नाही.

"मावशी, मतं कमी पडली," जितेश खाली बघून म्हणाला.

"मग काय करतोस? निदान मोगरा उपटू नको, मी काढीन मुळासकट."

दिवाळीनंतर तिथे फरशी बसली. मोगऱ्याची तीन झुडपं त्यांनी गोणपाटात बांधून नेली.

अंजनीबाई आता अंबरनाथला सोनियाकडे राहतात. एमआयडीसीतल्या एका कारखान्याची बाग त्यांच्याकडे आहे. सकाळी आठ ते चार, रविवारी सुट्टी.