घरच्या वापरासाठी तीनशे अंडी

अंडीवाल्या काकूंच्या घरात माणसं तीन. काकू, मुलगा आणि सून. मुलाला अंड्याचा वासही सहन होत नाही, सून कधीमधी एखादं खाते, आणि काकू फक्त तडकलेली खातात, कारण चांगलं अंडं स्वतः खाणं त्यांच्या अगदी जिवावर येतं. तरीही सरकारदरबारी नोंद अशी होती की हे घर रोज तीनशे अंडी फस्त करतं. ही नोंद खोटी आहे हे फाटकावरच्या हवालदाराला पक्कं ठाऊक होतं, मोजणी खात्याच्या साहेबाला कळायला हवं होतं, आणि ती लिहिणारा हात तर काकूंच्या सुनेचाच होता.

काकूंची वस्ती सरहद्दीला खेटून आहे. पलीकडे अंडी स्वस्त, अलीकडे महाग. एवढ्या एका फरकावर काकूंनी संसार उभा केला. गोदामात पोती उचलता उचलता नवऱ्याची कंबर कायमची गेली, तेव्हा त्यांनी शेजारणीकडून चुंबळ मागून आणली आणि सरहद्दीवरचं छोटं फाटक ओलांडलं. पहिल्या खेपेला निम्मी अंडी फुटली आणि त्या रस्त्यातच रडल्या. नंतर मात्र दहा ट्रेंची चळत डोक्यावर घेऊन खड्ड्याखुड्ड्यांतून अशा चालायला लागल्या की पोटातलं पाणी हलणार नाही. त्या चालीची सवय अंगात इतकी मुरली की आजही घरात कुणी हाक मारली तर त्या नुसती मान वळवत नाहीत, अख्ख्या वळतात. नवरा गेला, मुलगा गॅरेजात लागला, त्याचं लग्न झालं. सगळं त्या अंड्यांवर.

सुरुवातीलाच एकदा हवालदाराने त्यांना अडवून विचारलं होतं, माल कशासाठी. काकूंनी खरं सांगितलं, विकायला. तेव्हा त्याने मोठ्या मायेने समजावलं की विकायला म्हटलं की कर आला, कागद आले, मोठ्या नाक्यावर जाणं आलं. तो नाका अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, तिथे ट्रकवाल्यांची रांग, आणि दलालाशिवाय पान हलत नाही. "घरचंच आहे म्हणायचं आणि चालू लागायचं," तो म्हणाला. काकूंनी मान डोलावली, म्हणजे डोलावता येईल तेवढी डोलावली. मग त्याने वरच्या ट्रेमधली चार अंडी उचलली आणि डब्यात ठेवली. तेव्हापासून शब्द रोज तोच आणि अंडीही रोज तेवढीच.

हा शब्द काही एकट्या काकूंचा नव्हता. अख्खी रांग तोच म्हणायची. बादल्यांची उतरंड घेतलेली बाई म्हणायची घरचंच आहे, साबणाच्या पेट्या ढकलणारी म्हणायची घरचंच आहे. चपलावाल्याच्या पोत्यात तर सगळ्या लहान मुलांच्या चपला, आणि तो बिचारा बिनलग्नाचा. तोही शपथेवर सांगायचा, घरचंच आहे. कुणी हसायचं नाही. हसण्यात कुणाचाच फायदा नव्हता.

मग मोजणी खातं आलं. देशात फाटकाफाटकांतून, डोक्यावरून नि सायकलवरून किती व्यापार होतो ते म्हणे कुणालाच माहीत नाही, तेव्हा तो मोजायचा. कल्पना चांगली होती. काकूंची सून बारावी झालेली, अक्षर सुबक, तिला तात्पुरती नोकरी मिळाली. दर महिन्याचा एक आठवडा फाटकाजवळ पत्र्याच्या शेडखाली खुर्ची टाकून बसायचं, येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचं आणि तक्त्यात भरायचं. काकूंनी वस्तीभर सांगितलं, आमची सून सरकारात आहे.

पहिल्याच दिवशी काकू चळत घेऊन समोर आल्या तेव्हा सून म्हणाली, "बाई, माल कशासाठी?"

घरात आई आणि फाटकावर बाई! काकूंना ते झोंबलंच. पण सगळ्यांना एकाच शब्दाने हाक मारायची असा खात्याचा नियम होता, आणि हवालदार सुनेच्या खांद्यामागे उभा राहून तक्त्यात डोकावत होता. काकू म्हणाल्या, "घरचंच आहे." सुनेने खाली मान घालून लिहिलं: तीनशे अंडी, घरगुती वापर.

आता यातली मेख अशी की घरगुती वापराचा माल व्यापारात धरत नाहीत. तो रकाना बेरजेत येतच नाही. रांगेतला प्रत्येक जण घरचंच म्हणाला, सुनेने प्रत्येकाचं घरगुती लिहिलं, तक्ते वर गेले, आणि वर्षअखेरीस बेरीज आली शून्य. ज्या फाटकातून निघालेल्या मालावर आसपासचा सगळा बाजार चालतो त्या फाटकापुढे शून्य. एवढं मोठं खातं, एवढे शिकलेले लोक, पण तिघांच्या घरात रोज तीनशे अंडी कशी जिरतात, असा साधा प्रश्न एकालाही पडू नये? चीड येते ती याची. चूक कुणाच्या हातून होत नाही? पण पाहायला म्हणून माणसं बसवायची आणि समोरून जाणारी चळत दिसली नाही म्हणायचं, याला चूक म्हणत नाहीत.

फाटकाच्या खांबावर नोटीस लागली. येथून व्यापारी मालाची ने-आण होत नसल्याने महिनाअखेर फाटक बंद करण्यात येईल, हरकत असल्यास पडताळणीच्या दिवशी हजर राहावे. चपलावाल्याने ती मोठ्याने वाचली. कुणीतरी म्हणालं, हे तक्ते तर काकूंच्या सुनेनेच भरले.

काकू घरी आल्या त्या तळपायाची आग मस्तकात घेऊनच. चळत उतरवली, चुंबळ कोपऱ्यात भिरकावली.

"माझ्या पोटावर पाय द्यायला घरातलंच माणूस लागलं?"

"आई, तुम्हीच म्हणालात घरचंच आहे."

"आणि तुला ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक होतं," सून म्हणाली. "पण मला ठाऊक आहे ते लिहायचं नाही. समोरचा म्हणेल ते लिहायचं, तसं शिकवलंय. आणि विकायला लिहिलं असतं तर हवालदार मागेच उभा होता. तुमची अंडी त्याच दिवशी गेली असती."

मुलगा ताटात डोकं खुपसून जेवत राहिला. या भांडणात कुणाचीही बाजू घेतली तरी धडगत नाही हे त्याला कळत होतं. काकूंनी झाकण आपटलं, भांडी आपटली, आणि आपटण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा खाली बसल्या. सुनेचं चुकलं म्हणायला तोंड उघडावं, तर शब्द आपलाच निघत होता. तो शब्द शिकवला कुणी? शिकवल्याची फी रोज चार अंडी घेतली कुणी? ज्यांनी हाताने घेतलं त्यांनीच कागदावर तू नाहीसच म्हणून सांगितलं. काकूंचा राग सुनेवरून उठला तो तिथे जाऊन बसला, आणि मग काही केल्या तिथून हलेना.

पडताळणीच्या दिवशी खात्याचा साहेब आला. माणूस सभ्य होता, सगळ्यांना अहोजाहो करत होता, आणि त्याचीच जास्त चीड येत होती. बायका एकदम बोलायला लागल्या तेव्हा त्याने हात जोडले. तुमच्या भावना समजतात, म्हणाला, पण आकड्यात दिसायला हवं. त्याने शेवटची मोजणी सुरू करायला सांगितली. सून खुर्चीत बसली, हवालदार तिच्या मागे उभा राहिला.

काकू पलीकडून चळत घेऊन आल्या.

"बाई, माल कशासाठी?"

घरचंच म्हटलं तर फाटक बंद. विकायला म्हटलं तर आत्ताच्या आत्ता अंडी जप्त, आणि उद्याच्या खरेदीचे पैसे त्याच अंड्यांत अडकलेले. तोंडात इतकी वर्षं घोळलेला शब्द जिभेच्या टोकावर आला होता. काकूंनी तो गिळला.

"विकायला," त्या म्हणाल्या. "आजपर्यंत आणली तीही विकायलाच."

सुनेने लिहिलं. हवालदाराने पुढे होऊन चळत उतरवली. कराची पावती नाही, तेव्हा माल जप्त. साहेब तक्त्यावर वाकला आणि सुनेला हळू आवाजात म्हणाला की जप्त माल व्यापारात धरता येत नाही, ती ओळ खोडून टाका.

सून उठून उभी राहिली. "साहेब, समोरचा म्हणेल ते लिहायचं आणि लिहिलेलं खोडायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत. घरचंच म्हणाल्या तेव्हा लिहिलं, तेव्हा तुम्हाला चाललं. आज विकायला म्हणाल्या, तेही लिहिलं. ती ओळ राहील." मग काकूंकडे पाहून म्हणाली, "आई, पुढे सरका. मागे रांग आहे."

काकू अख्ख्या वळल्या. मागे चपलावाला होता. त्याने पोतं दाणकन खाली ठेवलं आणि म्हणाला, विकायला. बादलीवाली म्हणाली, विकायला. साबणवाली म्हणाली विकायला आणि वर साबणाचा भावही सांगितला. हवालदाराची खोली बादल्यांनी भरली, दार लागेना, चपलांची पोती उन्हात व्हरांड्यात रचली गेली. अंडी उन्हात तापायला लागली आणि त्यांची जबाबदारी कुणाची यावर साहेब नि हवालदारात जुंपली. साहेबाने फोनवर फोन केले. अखेर आजच्यापुरता माल ज्याचा त्याला परत द्यावा असं ठरलं. काकूंचा एक ट्रे सपाट झाला होता. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

जुन्या नोटिशीवर नवी चिकटवली गेली: फेरमोजणी होईपर्यंत फाटक सुरू राहील, डोक्यावरच्या मालाला तोवर कर नाही. शून्याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. काकूंनी ती सुनेकडून वाचून घेतली. माफीबिफी काही आहे का, विचारलं. नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्या चळत घेऊन आल्या तेव्हा हवालदाराचा हात सवयीने वरच्या ट्रेकडे गेला.

"थांबा," काकू म्हणाल्या. "ही चार कशासाठी? घरच्यासाठी की विकायला?"

तो हसला. काकू हसल्या नाहीत. त्याने खुर्चीकडे पाहिलं, तर फेरमोजणीला बसलेल्या सुनेने पेन उघडून ठेवलं होतं आणि ती त्याच्या उत्तराची वाट पाहत होती. त्याने हात मागे घेतला, आणि मग इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याने अंड्यांचा भाव विचारला.