पाणी कढत आहे, हे हाताला कळेना

"रिपोर्ट क्लिअर आहे," डॉक्टर म्हणाले आणि आमचे हे खुर्चीतून उठलेच. दाराबाहेर जाऊन त्यांनी लेकीला फोनही लावला. त्यामुळे डॉक्टर पुढे जे बोलले, ते मी एकटीनेच ऐकलं.

नांदेडच्या दवाखान्यातली ती खोली मला तोंडपाठ झाली होती. स्तनातली गाठ काढली, किमो झाल्या, केस गेले आणि परत आले. मी विचारलं, "डॉक्टरसाहेब, सगळं साफ हाय तर मग बोटं काहून मेल्यावानी झाली? पायात मोजे घातल्यावानी वाटतंय, आन् मोजे तर न्हाईत."

डॉक्टरांनी माझी बोटं टोचून पाहिली आणि एक शब्द दिला, पेरिफेरल न्यूरोपॅथी. म्हणजे हातापायांच्या टोकांकडच्या नसांना झालेली इजा. गाठ मारायला दिलेलं औषध या नसांनाही लागतं. किमो संपली तरी हे राहतं, कधी सुरुवातीचे काही महिने वाढतंही. काहींचं जातं, काहींचं थोडं राहून जातं. "गरम पाणी, चाकू, चूल, जरा जपून," ते म्हणाले. मी मान हलवली. माझं अर्धं लक्ष प्रज्ञाकडे होतं. लेकीला तेव्हा सातवा महिना लागला होता.

वसमतहून हट्ट्याच्या बाजूला आमचं गाव. बसमधून उतरेपर्यंत बातमी आमच्या आधी पोचलेली. जो भेटेल तो "जय भीम" घालून म्हणायचा, "बरी झालीस बाई, सुटलीस!" घरी बुद्धवंदना झाली, सगळ्या गल्लीला खीर वाटली. त्या दिवसापासून मला आजारी असण्याची सोय उरली नाही.

तुमचीही किमो संपली असेल आणि तुम्ही हे वाचत असाल, तर मी कशाबद्दल बोलते आहे ते तुम्हाला कळेल. ब्लाउजचा हूक लागत नाही. भाकरी थापताना कड कुठे जाड राहिली ते बोटांना समजत नाही. पायातली चप्पल मागे कधी निसटली याचा पत्ता नसतो. अनवाणी पाय पाहून कोणी हसलं की मग आपण वळून चप्पल शोधायची. बसून राहिलं की तळव्यांना आग, चाललं की पाय कापसाचे.

मी सांगत नव्हते असं नाही. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "अशक्तपणा हाय. अंडी खात जा." शेजारची कौसाबाई म्हणाली, "एवढ्या मोठ्या दुखण्यातून उठलीस, आन् बोटाचं काय घेऊन बसलीस?" असं कोणी बोललं की तोंड बंदच होतं. मेलेल्या बायका आठवतात आणि तक्रार करायची लाज वाटते. मला तर रागच यायचा. आजारी होते तेव्हा घरात माझी एक जागा होती. आता आजाऱ्यांत नाही, धडधाकटांत नाही. कोणी कोंडलेलं नाही, पण बाहेर पडायला दारही नाही, असं झालं होतं.

मी अंगणवाडी सेविका. नोकरी सांभाळून गल्लीतली कितीतरी लेकरं मी पायावर घेऊन न्हाऊ घातली आहेत. बाळंतीण घरी आली की पहिला निरोप मला यायचा. आणि आता माझ्याच लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी होतं. तिला आखाडा बाळापूरला दिलेली. किमोच्या दिवसांत ओकाऱ्या काढताना मी मनाला हेच सांगत होते, की प्रज्ञाच्या बाळाला आपल्याच हाताने न्हाऊ घालायचं. दुसरं काही मी मागितलंच नव्हतं.

नातू झाला. वसमतच्या दवाखान्यातून बाळ-बाळंतीण घरी आली. सकाळी मी न्हाणीत पाटावर बसले, पाय लांब केले, प्रज्ञाने बाळ पायांवर ठेवलं. तेल जिरवलं. बादलीत कढत पाणी होतं, त्यात गार पाण्याचं विसण घातलं, हात बुडवून पाहिला. हाताला कोमट लागलं. डॉक्टरांनी गरम पाणी जपा म्हटलं होतं, ते मी माझ्या अंघोळीपुरतं धरलं होतं. बाळाचं पाणी हे काय गरम पाणी असतं? ते तर वर्षानुवर्षं माझे हातच बघत आले.

तांब्या भरला आणि उचलला. प्रज्ञाने सहज बादलीत बोटं घातली.

"माय! थांब! पोळून राहिलं पाणी!"

तिने तांब्यावर हात मारला. पाणी माझ्या मनगटावर सांडलं, बाळ वाचलं. मनगटाला चटका बसला तेव्हा मला कळलं की पाणी कसं होतं. हात लाल झाला होता आणि बोटं मुकाट्याने तशीच. प्रज्ञा बाळाला छातीशी धरून रडायला लागली.

त्या दिवसापासून सगळ्यांनी माझ्या दुखण्यावर विश्वास ठेवला, आणि ते जास्त वाईट निघालं. ह्यांनी विळी माळ्यावर टाकली. चुलीपुढे बसू देईनात. "तू फक्त बस," म्हणायचे, आणि मी बाजेवर बसायची. कौसाबाई येऊन माझ्या नातवाला न्हाऊ घालायची, मी तिथून बघायची. ती चांगली घालायची, खोटं कशाला बोलू? पण तिचा मला इतका राग यायचा की मी तोंड भिंतीकडे करायची. बाळाला मांडीवर घेतलं की प्रज्ञाचा हात खालून यायचा. मला तो हात झोंबायचा.

पुढच्या वेळी नांदेडला मी ह्यांना खुर्चीतून उठूच दिलं नाही. म्हटलं, "आज तुमी बी ऐका." डॉक्टरांनी आग कमी करायची नसांची गोळी दिली. तिने झोप येते, पण तळवे निवतात. बधिरपणाचं मात्र त्यांनी सरळ सांगितलं, "जाईलच, असं मी म्हणणार नाही." मी बाळाचं सांगितलं. ते म्हणाले, "बोटांचं ऐकू नका. नसा टोकाला जास्त दुखावतात, वर कमी. कोपर बुडवा. आणि दुसऱ्याचा हात घातल्याशिवाय पाणी अंगावर घेऊ नका." एवढं सोपं होतं. गाठ निघाली तेव्हा आणि पाणी सांडलं तेव्हा रडले नव्हते, तिथे रडले. बसमध्ये हे म्हणाले, "मला वाटलं, अशक्तपणाच हाय."

मग मी बाजेवर बसून बादली मागवायची आणि कोपर बुडवायची. "कोमट," मी म्हणायची. प्रज्ञा हात घालून बघायची. कधी बरोबर यायचं, कधी ती म्हणायची, "न्हाई माय, आणखी विसण लागतं." तेव्हा जीव जळायचा, पण मी शिकत होते.

हळदीची काढणी लागली तशी कौसाबाई एका सकाळी आलीच नाही. प्रज्ञा बाळाला घेऊन दारात उभी राहिली. मग म्हणाली, "माय, पाटावर बस."

मी कोपर घातलं, तिने हात घातला. बाळ पायांवर आलं. तांब्या तिनेच धरला, मी नुसतं चोळायचं. त्याचे गाल, मान, बगला माझ्या बोटांखाली होत्या आणि बोटांना काहीही कळत नव्हतं. मऊ आहे की ओलं आहे, काही नाही. मी ते सगळं डोळ्यांनी बघत होते. नातू जवळ असून इतका लांब.

आणि एकदम माझ्या मांडीवर, गुडघ्याच्या वर, गरम लागलं.

"प्रज्ञा! गरम!" मी ओरडले.

तिच्या हातातला तांब्या हिंदकळला. तिने घाबरून बादलीत हात घातला, मग बाळाकडे पाहिलं. "माय, पाणी न्हाई गं," ती म्हणाली. "मुतला तो."

मी मांडीकडे पाहिलं. ऊब खाली ओघळत होती आणि जिथवर नस जागी होती तिथवर मला कळत होती. मी हसत होते की रडत होते, मला ठाऊक नाही.

"आता परत धू त्याला," प्रज्ञा म्हणाली आणि तांब्या माझ्या हातात दिला.