सुई ज्याची त्याची
टँकरमागं भिजलेल्या मातीचा वास आला, की मुकुंदवाडी स्टेशनामागची दुष्काळातली एक दुपार डोळ्यांपुढं तरंगू लागते. कडुलिंबाच्या सावलीत नशेची इंजेक्शनं घेणारे चौघं बसले होते आणि मी एचआयव्हीच्या सर्वेक्षणाचा फॉर्म भरत होते. "एकमेकांची सुई वापरता?" "नाय ताई, तुम्ही सांगितल्यापासून सुई ज्याची त्याची," त्यांतला थोरला अभिमानानं म्हणाला. मी खुशीत फॉर्मवर बरोबरची खूण केली. मग चौघांनी आपापली सुई एकाच पेल्यात बुडवून धुतली. पाणी हळूहळू गुलाबी झालं. "अहो, पाणी तरी वेगळं घ्या!" "कुठून आणायचं ताई? हाये तेवढं वाटून घ्यायचं." फॉर्म मीच तयार केला होता. त्यात पाण्याचा प्रश्न नव्हता. आणि त्या वर्षी आमच्या घरात पाण्याशिवाय दुसरा विषय नव्हता.