चिमट्याविना घेतलेला श्वास

मशीन विकणाऱ्या कंपनीने मला फसवलं. खोक्यातला नाकाचा चिमटा काढून घेतला आणि वर सांगितलं, ‘‘ऑप्शनल आहे.’’

बोईसरला माझी लॅब आहे. बाटल्या धुण्यापासून सुरुवात केलेला माणूस मी, घासाघीस मला सोडवत नाही. ट्रेनिंग, गॅसचा सिलिंडर, सगळं पदरात पाडून घेतलं. सेल्स मॅनेजरने त्याचा राग चिमट्यावर काढला.

हे मशीन शरीरातल्या एकूण तांबड्या पेशी किती ते मोजतं. पूर्वी त्यासाठी पेशींना किरणोत्सर्गी खूण लावत. तारापूरच्या अणुभट्टीशेजारी राहूनही आमच्या पेशंटला मुंबई गाठावी लागे. आता कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे कोंडलेल्या धुरातला वायू, अगदी थोडा मोजून, ऑक्सिजनबरोबर पिशवीतून नळीने तोंडावाटे ओढायला देतात. तो तांबड्या पेशींना चिकटतो. विहिरीत मूठभर रंग टाकावा आणि तो किती फिका पडला यावरून पाणी ओळखावं, तसं.

पहिला पेशंट रघू. डोंगराकडच्या पाड्यावरचा, कारखान्यात क्रेन चालवणारा. कारखान्याच्या तपासणीत त्याचं रक्त दाट निघालं होतं. पेशीच जास्त असतील तर आजार, आणि क्रेन बंद. नुसतं पाणी कमी असेल तर चिंता नाही.

‘‘साहेब, मला खाली नका उतरवू. वर वारा हाय. खाली नुसता केमिकलचा वास.’’

‘‘आधी नळी तोंडात धर.’’

त्याने डोळे मिटले. दुपार सुस्तावली होती. त्याचे गाल फुगत, विरत, पुन्हा फुगत. बोटं नळीवर आपोआप फिरत होती. पिशवी हळूहळू भरत गेली, भरतीला खाडी भरते तशी. खोलीत एक सूर चालू आहे आणि फक्त मलाच तो ऐकू येत नाही, असं वाटत राहिलं.

आकडा भलताच मोठा आला. डेमोला आलेला सेल्स मॅनेजर खूश. ‘‘देखा सर, केस पकडली! रिपोर्ट कारखान्याच्या डॉक्टरांना पाठवला पण.’’

‘‘मला न विचारता?’’

‘‘सर, डेमो आहे. इम्प्रेशन पडतं.’’

त्याला हाकलला. पण ती भरलेली पिशवी डोळ्यांपुढून जाईना. माणूस ऑक्सिजन वापरतो, पिशवी बसायला हवी. मी रघूला फोन लावला.

‘‘श्वास कुठून घेत होतास?’’

‘‘नाकानं. तारपा फुंकताना तसंच लागतं ना. गालात वारा धरायचा, नाकानं घ्यायचा. नायतर सूर तुटतो.’’

‘‘तुला तारपा वाजवायला बसवला होता का रे?’’

‘‘तोंडात नळी दिली तुमी. गाल ऐकतच नाय माझे.’’

म्हणजे हा नाकाने हवा घेऊन पिशवीत फुंकत होता, आणि गॅस पिशवीतच राहिला. मशीन समजलं, सगळा रक्तात गेला. रक्तात त्याची खूण फिकी दिसली, म्हणून पेशी अफाट आहेत असा हिशेब निघाला.

पालघरच्या एका डॉक्टरांकडून नाक बंद करणारा चिमटा आणला. आधीचा गॅस अंगातून निघून गेल्यावर रघूला पुन्हा बसवलं. या वेळी पिशवी बसली. पेशी नॉर्मल. क्रेनवरून सारखं उतरावं लागू नये म्हणून हा गडी दिवसभर पाणीच पीत नव्हता.

नवा रिपोर्ट मी स्वतः नेऊन दिला. क्रेनवर तोवर दुसरा माणूस बसला होता. रघू यार्डात पिंपं लोटतो. विकणारा फुकट काय देतो यापेक्षा काय काढून घेतो ते आधी बघावं, एवढं मी शिकलो.

मॅनेजरसाहेब, माझ्याकडे चिमटा पाठवू नका. कारखान्यात या. डॉक्टरांसमोर उभे राहा आणि रघूला क्रेनवरून कोणी उतरवलं, ते तुमच्या तोंडाने सांगा.