मी मणक्याचं नाव पुढं केलं

माझे धाकटे मामा उदगीरला शिलाईकाम करायचे. मी हैदराबादला चेतापेशींवर संशोधन करते. पाठीच्या कण्यापासून निघालेला पेशीचा धागा थेट हाताच्या स्नायूपर्यंत जातो. टोकाला लागणारं सगळं त्या धाग्यातूनच वाहून न्यावं लागतं. मोटर न्यूरॉन आजारात ही ने-आण अडखळते, टोकं सुकतात, स्नायू झडतात. ती कुठं अडते, हे मी सूक्ष्मदर्शकाखाली शोधते.

लातूरच्या एका कॉलेजात यावरच माझं व्याख्यान होतं. ‘आपली पोरगी बोलणार’ म्हणून मामा कडक इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत बसले. मी एका रुग्णाच्या हाताचा फोटो पडद्यावर दाखवला. अंगठ्यामागचं मांस आटून खळगा पडलेला. मामांनी मांडीवरचा आपला उजवा हात उलटा करून पाहिला. मंचावरून मलाही त्यांच्या हातावर तसाच खळगा दिसला. मी घाईनं पुढचं चित्र लावलं.

चहाच्या वेळी त्यांनी मला बाजूला घेतलं. “बाई, माझा हात बी तसाच दिसायलाय. कात्री धरवत न्हाई. ह्येच हाय का?”

‘उद्याच मेंदूच्या डॉक्टरांना दाखवू,’ एवढंच म्हणायचं होतं. लोक कौतुक करायला थांबले होते, आणि मला भीती वाटली. “नाही हो मामा, लई कारणं असतात. मानेच्या मणक्यानंही होतं,” असं म्हणून मी गाडीची वेळ झाल्याचं सांगितलं.

माझ्या शब्दावर विसंबून ते मणक्याच्या डॉक्टरकडं गेले आणि त्यांनी मानेचं ऑपरेशन करून घेतलं. हात गेलाच, मग पाय फरफटू लागला. वर्षभरानं नांदेडच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. लवकर कळून तो बरा झाला नसता, पण ते ऑपरेशन टळलं असतं.

मी उदगीरला गेले तेव्हा मामी त्यांना वरणभात भरवत होती. “मला त्याच दिवशी शंका आली होती,” मी म्हणाले.

मामीचा हात थांबला. मामा जड जिभेनं म्हणाले, “मला बी आल्ती. म्हणून तर तुला इचारलं.”

मी ताटाकडं हात केला. मामीनं ताट आपल्याकडं ओढलं.

मामा त्यानंतर दीड वर्ष होते. मी महिन्याला जायचे. मामी दार उघडायची, पाणी द्यायची आणि आत निघून जायची.